कुठे थांबायचं ते कळायला हवं म्हणे!

जरा चिडून लिहितोय. अर्धा राग एका वाक्यावर आहे, अर्धा स्वतःवर.

२०२५ च्या गणपतीतली गोष्ट. गावी ओटीवर जागरणाचा डाव रंगला होता. दोन कॅट, तेरा पानी रमी आणि पैशांच्या जागी चिंचोके. आमच्याकडे ही पद्धत आजोबांपासूनची. नुकतीच, २२ ऑगस्टला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती. विषय निघणारच होता. मोठे काका पानं लावता लावता म्हणाले, "बंदी कशाला? खेळणं वाईट नाही रे. कुठे थांबायचं ते कळायला हवं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. समोरचा बाविशीतला भाचा हसून म्हणाला, "मी तर लिमिट ठेवूनच खेळतो, मामा." म्हणजे याच्या फोनवर कुठलं तरी बाहेरच्या देशातलं टेबल अजून चालूच होतं!

मी काहीच बोललो नाही. म्हणून आज हे लिहितोय.

मोठे काका, तुम्ही हे वाचाल (ताई तुम्हाला प्रिंट काढून देते, ठाऊक आहे), तर रागावू नका. पण तुमचं ते वाक्य दिसतं शहाणपणाचं, आणि करतं नुकसान. हेच वाक्य त्या कंपन्यांच्या जाहिरातींतही होतं. 'सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा' अशा अर्थाची सूचना जाहिरातीत द्यावी, असा नियम जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून केला होता. हेतू चांगलाच असेल. पण अर्थ काय निघाला? टेबल त्यांचं, पानं त्यांची, आणि जबाबदारी तेवढी आपली. हरलात? मग तुम्हालाच थांबता आलं नाही!

थांबण्याचे नियम माझ्याकडेही होते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी खेळायला लागलो तेव्हा कागदावर लिहून ठेवले होते. पाचशे गेले की उठायचं. दोन हजार आले की उठायचं. रात्री अकरानंतर खेळायचं नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला मी ते पाळलेसुद्धा. एकदा बत्तीसशे जिंकून शहाण्यासारखा उठलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बत्तीसशे 'त्यांचे पैसे' वाटायला लागले आणि मी मोठ्या रकमेच्या टेबलावर जाऊन बसलो. म्हणजे काल मी थांबलो नव्हतोच, फक्त मध्यंतर झालं होतं.

इथे थोडं गणित करू. समजा, दोन अगदी सारखे हुशार खेळाडू प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. दर डावाला हरणाऱ्याचे शंभर जातात आणि कंपनी त्यातले दहा कापून जिंकणाऱ्याला नव्वद देते. दोघंही आलटून पालटून जिंकतायत. तरी दर डावाला टेबलावरचे दहा रुपये कमी होतायत. दोनशे डावांत दोघांचे मिळून दोन हजार संपले! तीन मिनिटांचा डाव धरला तर दहा तास. हे दहा तास एका रात्रीत बसून काढा, नाहीतर रोज अर्धा तास खेळून वीस दिवसांत काढा, कंपनीला काय फरक पडतो? 'बरोबरीत आलो की उठतो' म्हणणाऱ्यासाठी बरोबरीची जागाच दर डावाला लांब जात असते.

यावर उत्तर ठरलेलं असतं. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. बरोबर आहे. १९६८ चा सत्यनारायण खटला. पण त्याच निकालात असंही म्हटलंय, की जागेचा किंवा क्लबचा मालक पैसे लावून चाललेल्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हे पुढचं वाक्य मला कुठल्याच जाहिरातीत दिसलं नाही.

आणि कौशल्य आहे म्हणून तर उठवत नाही! लॉटरी लागली नाही तर माणूस नशिबाला बोल लावून मोकळा होतो. रमीत हरलेला म्हणतो, 'ती चौकटची सत्ती टाकायला नको होती.' चूक आपली, म्हणजे सुधारणारही आपणच. पुढच्या डावात.

खरं तर रमीइतका थांबायला शिकवणारा खेळ नाही. ऑनलाइन टेबलावर पहिल्याच खेपेला डाव सोडला तर २० गुण जातात, मधून सोडला तर ४०, आणि ताणत बसून हरलात तर ८० पर्यंत. मी डाव सोडण्यात अगदी तरबेज झालो होतो. पानं वाईट आली की मोह न धरता सोडायचो. काही सेकंदांत नवी पानं समोर. टेबल सोडायचंही बटण होतं. ते दाबलं की दुसऱ्या टेबलांची यादी यायची.

युधिष्ठिराचं सगळ्यांना आठवतं ते पहिलं द्यूत. मला दुसरं जास्त भीतीदायक वाटतं. द्रौपदीमुळे सुटका झाली, राज्य परत मिळालं, मंडळी इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागली. म्हणजे थांबणं झालं होतं! वाटेतून परत बोलावणं आलं आणि हा धर्मराज पुन्हा येऊन बसला. कुठे थांबायचं ते त्याला कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

ओटीवर आपण थांबतो, कारण तिथे थांबवणारे असतात. पानं पिसायला वेळ लागतो, काकू चहा आणते, कुणाला तरी पेंग येते, चिंचोके संपतात. हरणाऱ्याचं तोंड समोर दिसतं. फोनवर यातलं काहीच नसतं. रात्री दोन वाजता पैसे भरायला मला पाच सेकंद लागायचे, जिंकलेले काढायला मात्र वाट बघावी लागायची.

आता जे त्या रात्री बोललो नाही ते. कौलं बदलायला सगळ्या भावंडांनी वर्गणी काढली होती, साठ हजार. ती माझ्याकडे होती. २०२१ च्या पावसाआधी काम व्हायचं होतं. 'लॉकडाउनमुळे माणसं मिळत नाहीत,' असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. ते पैसे मी टेबलावर घालवले होते. माझे स्वतःचे ऐंशी हजार त्याआधीच गेले होते. त्या पावसात माजघराची भिंत भिजली, तो डाग अजून आहे. वर्गणी मी पुढच्या वर्षी पगारातून भरली आणि कौलं बदलली. मोठ्या काकांनी तेव्हा माझं कौतुकही केलं होतं.

आणि मी थांबलो तो 'कळलं' म्हणून नाही. भिंतीचा फोटो आला त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिने सहा महिने बँकेचं सगळं स्वतःकडे घेतलं, माझ्या फोनवरून पैसे जाणंच बंद केलं. मला लाज वाटली, पण उपयोग झाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पैशांच्या टेबलावर थांबायची खात्रीची जागा एकच, बसण्याआधीची. जो बसलाच आहे त्याला शहाणपण सांगू नका. त्याला विचारा, किती गेले, आणि ओरडू नका. घरात सांगवत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलता येतं.

भाच्या, रविवारी जेवायला ये. लिमिट किती आहे ते विचारणार नाही, आजवर किती वेळा वाढवलंस तेवढं विचारीन. आणि मोठे काका, शिव्या द्यायच्या तर फोन करा, ऐकून घेईन. फक्त ते वाक्य त्याच्यासमोर पुन्हा म्हणू नका.