शेततळं, शेजारी आणि क्लॅट

सुरुवातीलाच एक कोडं घालतो. उत्तर मनात ठेवा.

नियम असा आहे: जो माणूस स्वतःच्या जमिनीवर एखादी अशी वस्तू आणून साठवतो, जी निसटली तर दुसऱ्याचं नुकसान होईल, त्याने ती निसटल्यावर झालेलं नुकसान भरून द्यायचं. त्याचा हलगर्जीपणा होता की नव्हता, हा प्रश्नच नाही.

आता प्रसंग. रामभाऊंनी ठेकेदाराकडून शेततळं खोदून घेतलं. पहिल्याच वर्षी तळं काठोकाठ भरलं आणि एका रात्री बांध फुटून शेजारच्या यशवंतरावांचा काढणीला आलेला कांदा पाण्यात गेला. रामभाऊ म्हणतात, "काम ठेकेदाराचं. माझी काय चूक?" भरपाई कोणी द्यायची?

"रामभाऊंनी" असं उत्तर आलं असेल तर अभिनंदन. १८६८ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' या खटल्यात हेच ठरवलं. तिथे शेततळ्याच्या जागी गिरणीमालकाचा पाण्याचा साठा होता आणि कांद्याच्या जागी शेजाऱ्याची कोळशाची खाण, एवढाच फरक. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात, धोकादायक उद्योगांसाठी हा नियम आणखी कडक केला.

हे सांगायचं कारण म्हणजे क्लॅट, अर्थात राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिच्यातला कायद्याचा विभाग बरोब्बर असाच असतो. एक नियम, एक प्रसंग, लावा नियम. कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही, असं परीक्षा घेणारे स्वतःच सांगतात. तर्क हवा, बस्स.

मग निफाडची किंवा संगमनेरची, जिने शेततळं फुटलेलं डोळ्यांनी पाहिलंय, ती मुलगी यात मागे का पडावी?

कारण पेपर फक्त इंग्रजीत असतो. आणि माझा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. क्लॅट इंग्रजी 'येतं का' हेही धड तपासत नाही. ती तपासते, तुम्ही इंग्रजी किती वेगाने वाचता.

जरा हिशोब करू. १२० प्रश्न, १२० मिनिटं. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. गणिताचा छोटा विभाग सोडला तर जवळजवळ सगळे प्रश्न परिच्छेदांवर. कायद्याचा, इंग्रजीचा, चालू घडामोडींचा परिच्छेद साडेचारशे शब्दांपर्यंत, तर्काचा तीनशेच्या आसपास. एका परिच्छेदावर पाच-सहा प्रश्न धरले तर वीस-बावीस परिच्छेद होतात. म्हणजे ढोबळ हिशोबाने नुसते परिच्छेदच आठ हजार शब्दांच्या घरात. प्रश्न आणि प्रत्येकाचे चार-चार लांबलचक पर्याय वेगळे. एवढं वाचून विचार करायला उरतात किती मिनिटं? २०२० पूर्वी पेपर दोनशे सुट्या प्रश्नांचा असायचा, त्यात पाठांतराला भाव होता. तो काढून वाचन आणलं, इथवर चांगलंच झालं. पण पाठांतराच्या जागी वेग येऊन बसला.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. समजा प्रोग्रॅमरच्या मुलाखतीत आपण असा नियम केला की कोड मिनिटाला साठ शब्दांच्या वेगाने टाइप करायचा, नाहीतर गुण कट. आपल्याला उत्तम टायपिस्ट मिळतील. त्यातले काही उत्तम प्रोग्रॅमरही निघतील आणि त्यांच्याकडे बोट दाखवून आपण म्हणू, "बघा, आमची टेस्ट किती छान आहे!" जे बाहेर राहिले, ते आपल्याला कधी दिसणारच नाहीत. क्लॅटचं अगदी हेच होतंय.

माझी एक मावसबहीण बारावी आर्ट्सला होती तेव्हा तिने क्लॅट द्यायचं ठरवलं. चौथीपर्यंत झेडपीची शाळा, पुढे सेमी-इंग्लिश. वकील व्हायचं कारण घरातच. जमिनीच्या वाटणीचा दावा तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं चाललाय, आणि त्यातले सातबारे, फेरफार, जबाब, पंचनामे घरात कोणाला समजत असतील तर ते हिला. एका क्लासवाल्याने सांगितलेल्या फीचा आकडा ऐकून मावशी गप्प झाली. सल्ला मात्र फुकट मिळाला: "रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच." तिच्या गावात दोन पेपर येतात, दोन्ही मराठी.

मग शनिवार-रविवारी मी फोनवर तिचा सराव घ्यायचो. एकदा कायद्याचा विभाग तिला मराठीत सांगून विचारला. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर, वर दोन ठिकाणी पर्यायांतल्या पळवाटा तिने मला दाखवल्या. तसाच दुसरा संच इंग्रजीत छापील दिला, घड्याळ लावून. अर्ध्यावरच वेळ संपला. जेवढे सोडवले तेवढे बहुतेक बरोबर होते. आता सांगा, यातल्या कुठल्या चाचणीने तिची कायद्याची समज मोजली?

यावर नेहमीची तीन उत्तरं येतात. एकेक बघू.

१. "अहो, कायद्याचं शिक्षण इंग्रजीत, कोर्ट इंग्रजीत, मग परीक्षा इंग्रजीतच हवी."

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, मान्य. घटनेच्या कलम ३४८ मध्येच तसं आहे. पण सामान्य माणसाचा खटला सुरू होतो तो तालुक्याला आणि जिल्ह्याला. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि तशी अधिसूचना १९९८ सालची आहे. पक्षकार मराठीत रडतो, साक्षीदार मराठीत फिरतो, तलाठी मराठीत नोंद करतो. तिथे उभा राहणारा चांगला वकील आपल्याला नकोय का?

आणि शिक्षणाचं म्हणाल तर डॉक्टरकीची पुस्तकं कुठे मराठीत आहेत? तरी नीट ही परीक्षा २०१७ पासून मराठीत देता येते. जेईई मेन २०२१ पासून १३ भाषांमध्ये होते, त्यात मराठी आहे. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहून लोक कलेक्टर होतात. शरीर कापायला, पूल बांधायला, जिल्हा चालवायला मराठीतून निवडलेला माणूस चालतो, आणि वकिलीच्या फक्त वर्गात बसायला चालत नाही?

प्रवेशाच्या दिवशी काय येतं आणि पाच वर्षांत काय येऊ शकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअरिंगला आमच्या हॉस्टेलवर मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला लेक्चरमध्ये गांगरून बसायची. पाचव्या सेमिस्टरला परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्याच खोलीत आम्ही ऑपरेटिंग सिस्टिम शिकायला गर्दी करायचो. इंग्रजी शिकवता येतं हो. डोकं शिकवता येत नाही.

२. "भाषांतरात चुका होतील."

होतील. पण इंग्रजीतल्या पेपरात होत नाहीत का? डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या परीक्षेच्या उत्तरसूचीवरून मुलं कोर्टात गेली आणि प्रकरण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. प्रश्न इतक्या सहजपणे, निष्काळजीपणे काढले जातात, यावर न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. देशातल्या नामवंत विधी विद्यापीठांचा पेपर! तेव्हा चुका होतात त्या पेपर काढण्याच्या पद्धतीमुळे, मराठीवर त्याचं खापर फोडू नका. आणि दुभाषी पेपर अशक्य असता तर आपल्या राज्याची विधी सीईटी इंग्रजी आणि मराठीत कशी झाली असती?

२०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात क्लॅट भारतीय भाषांत घ्या अशी याचिका झाली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तिला पाठिंबा दिला. म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेला अडचण दिसत नाही. अडचण दिसते ती परीक्षा घेणाऱ्या कन्सॉर्टियमला. डिसेंबर २०२५ ची परीक्षाही इंग्रजीतच झाली.

३. "मग सीईटी द्या ना, कोणी अडवलंय?"

सीईटीने मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात किंवा पुण्याच्या आयएलएसला जाता येतं. उत्तम कॉलेजं आहेत, वाद नाही. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१४ साली कायदा करून उभी केली. ती आपल्या राज्याची आहेत. तिथे रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत हे खरं, पण रहिवासी दाखला बांद्र्याच्या कॉन्व्हेंटमधल्या मुलाकडेही असतो. चाळणी तीच राहिली तर दाखल्याने काय होणार? मराठी राज्याच्या कायद्याने बनलेल्या विद्यापीठात शिरायला मराठीतून दार नाही, हे तुम्हाला विचित्र वाटत नाही?

भाषेखेरीज आणखी दोन गोष्टी, ज्यांच्यावर कोणी बोलत नाही.

एक, पैसे. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचं शुल्क १०० रुपये. क्लॅटचं ४,००० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 'सवलत' देऊन ३,५००. ओएमआर शीट तपासायला एवढे पैसे? ज्या घरात ही रक्कम म्हणजे मजुरीचे दहा-बारा दिवस, तिथे "बघू तर देऊन" हा पर्यायच उरत नाही.

दोन, तारीख. आधी ही परीक्षा उन्हाळ्यात व्हायची. २०२२ पासून ती डिसेंबरात होते. म्हणजे बारावीच्या बोर्डाच्याही आधी. शहरातल्या मुलाला अकरावीतच ठाऊक असतं की आपल्याला लॉ करायचंय, कारण घरात किंवा सोसायटीत कोणीतरी ते केलेलं असतं. गावातल्या मुलीला निकालानंतर कोणी शिक्षक म्हणतात, "तू बोलतेस छान, वकील हो." तोवर क्लॅट होऊन सहा महिने झालेले असतात.

माझं म्हणणं फार अवघड नाही. इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच ठेवा, कोणी नको म्हणत नाही. कायदा, तर्क, गणित आणि चालू घडामोडी हे विभाग मराठीसह इतर भारतीय भाषांत द्या. शब्द कमी करा, विचाराला वेळ द्या. शुल्क हजाराच्या आत आणा. तारीख बोर्डाच्या परीक्षेनंतर न्या. आणि पहिल्या वर्षी ज्यांना गरज आहे त्यांना इंग्रजी शिकवा. विद्यापीठ म्हणवता तर शिकवायला काय हरकत आहे?

बंगळुरूचं पहिलं राष्ट्रीय विधी विद्यालय माधव मेनन यांनी उभं केलं ते या देशातल्या वकिलीचा दर्जा सुधारावा म्हणून. तालुक्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसलेल्या पक्षकारालाही त्या दर्जाचा थोडा वाटा मिळायला हवा. तो कॉर्पोरेट फर्मच्या विसाव्या मजल्यावरून येणार नाही. तो आणायचा तर कोणीतरी त्याच तालुक्यातून आत शिरून, शिकून परत यावं लागेल.

सध्या आपण तिला दारातच विचारतोय, "मिनिटाला किती शब्द वाचतेस गं?"

असो. तुमच्या ओळखीत कोणी अकरावीला असेल, वाद घालण्यात पटाईत असेल, आणि मराठी माध्यमात असेल, तर त्याला आजच सांगा की क्लॅट नावाची परीक्षा असते आणि ती डिसेंबरात असते. नियम बदलतील तेव्हा बदलतील. निदान बातमी तरी वेळेवर पोचू दे.