सड्यावरच्या वाऱ्याचा भाव ओळखा

पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याला पंचवीसएक वर्षे झाली. यंत्राचे आयुष्यही साधारण २० ते २५ वर्षांचेच. जुनी यंत्रे काढून मोठी बसवण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये धोरण जाहीर केले आहे. म्हणजे जमिनीच्या व्यवहारासाठी माणसे पुन्हा डोंगर चढू लागतील. शेतकरी बंधूंनो, त्याआधी ही वीज होते कशी, ते समजून घ्या.

वाऱ्याच्या जोराने तीन पाती फिरतात. मोठी पाती मिनिटाला जेमतेम १५-२० फेरे घेतात. बहुतेक यंत्रांत गिअरबॉक्स हा वेग हजार-दीड हजार फेऱ्यांवर नेतो. त्यावर जनित्र चालते आणि रोहित्रातून दाब वाढवून वीज उपकेंद्राकडे जाते. वारा ताशी १२-१४ किलोमीटरपेक्षा कमी असला तर वीज होत नाही. ताशी ९० च्या आसपास गेला, तर मोडतोड टाळण्यासाठी यंत्र आपोआप थांबते.

खरी गोम पुढेच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते! म्हणून खालची काळीभोर जमीन कंपनीला नको. तिला उंच, उघडा सडा हवा. आपण त्या जमिनीचा भाव नाचणी-वरीवरून धरतो, घेणारा वाऱ्यावरून धरतो. ‘खडकच तर आहे, देऊन टाकू’ म्हणणारा इथेच फसतो.

पवनचक्क्या ढग पळवतात, असेही गावोगाव बोलले जाते. पण १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा या पठारांवर एकही पवनचक्की नव्हती. शेकडो मैल पसरलेला मोसमी पाऊस या पात्यांनी अडत नाही.

तेव्हा भांडण ढगांवरून नको, कागदावरून करा. खरेदीखत की भाडेपट्टा? भाडेपट्ट्यात मालकी तुमचीच राहते. मुदत किती, भाडेवाढ कधी, रस्ता आणि तारा कुणाच्या बांधावरून जाणार, शेवटी काँक्रीटचा पाया कोण काढणार, हे सगळे लेखी घ्या. सरपंच-ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत वाचून दाखवावा. अंगठा उठल्यावर बोलून काय उपयोग?