सेलबोर्नचे कौतुक आणि आपली पांढरी

दोन महिने लेकीकडे इंग्लंडात राहून आलेल्या एका प्राध्यापक मित्राने मध्यंतरी तिवस्यात आमच्या अभ्यासगटापुढे छायाचित्रांसह व्याख्यान दिले. विषय होता 'पर्यटकांना ठाऊक नसलेले दक्षिण इंग्लंड'. लंडन, बाथ, स्टोनहेंज त्याने मुद्दाम टाळले होते. हॅम्पशरमधले सेलबोर्न, विल्टशरमधले एव्हबरी अशी आडबाजूची गावे त्याने दाखवली, आणि ती प्रेमाने दाखवली. व्याख्यान उत्तम झाले, हे आधी मान्य करतो. खटकले ते समारोपाचे वाक्य : 'नाही तर आपल्याकडे पाहण्यासारखे आहे काय?' समोर पंधरा-वीस मराठीचे अध्यापक बसले होते. कोणीही हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. म्हणून हा उशिराचा लेखनप्रपंच.

सेलबोर्नमध्ये तरी पाहण्यासारखे काय आहे? चुनखडीच्या डोंगरउतारावर एक राई, पायथ्याशी वस्ती, एक चर्च. दक्षिण इंग्लंडात अशी गावे शेकड्यांनी असतील. पण या गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक धर्मोपदेशक राहत होता. आयुष्याचा बराच काळ त्याने याच गावात काढला. पाकोळ्या केव्हा येतात, पाऊस किती पडला, बागेतले कासव मातीतून केव्हा वर आले, याच्या नोंदी तो वर्षानुवर्षे करीत राहिला. दोन मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात त्याने त्या १७८९ साली प्रसिद्ध केल्या. आज लोक सेलबोर्नला जातात ते त्या पुस्तकामुळे. गाव आधी प्रेक्षणीय होते आणि मग त्याच्यावर पुस्तक झाले, असा क्रम नाही. व्हाइटच्या काळी तिथे चहाची दुकाने नव्हती, फलक नव्हते. गावात शिरणाऱ्या वाटा खोल घळींसारख्या होत्या, आणि पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहत असे. 'आपल्याकडे सोयी नाहीत' ही सबब इथेच निकालात निघते.

आता आपल्याकडे वळू. वर्धेच्या काठावरचे कौंडिण्यपूर आमच्या तिवसा तालुक्यात आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. रुक्मिणीचे हे माहेर. इथून तिची पालखी पंढरपूरला जाते. एवढे सर्वांना ठाऊक असते. मराठीच्या अध्यापकाला याहून थोडे अधिक ठाऊक असते. महदाइसेचे 'धवळे' कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे, आणि ते रचले गेले शेजारच्या मोर्शी तालुक्यातल्या ऋद्धिपुरात. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर', पुढे एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर'. आद्य मराठी कवयित्रीपासून तीन शतके मराठी कविता ज्या नगरीभोवती घुटमळत राहिली, ती नगरी आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. तरी एम.ए.च्या वर्गात ही काव्ये शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना कुऱ्ह्याच्या वाटेने तिथे नेणारा विभाग मला अपवादानेच भेटला. आम्ही अलंकार मोजतो, ओवीची मात्रा-अक्षरे मोजतो, टेकाडावर पाय ठेवत नाही.

यावर एक विद्वत्तापूर्ण आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. काव्यातले कुंडिनपूर हे संकेतातले नगर आहे. त्यातली गोपुरे, उपवने, रत्नखचित महाल कोणत्याही महाकाव्यातल्या नगरीला शोभतील. त्यांचा या टेकाडाशी संबंध काय? माझे म्हणणे असे की, नेमक्या याच कारणासाठी तिथे गेले पाहिजे. कौंडिण्यपूरचे उत्खनन मो. गं. दीक्षित यांनी केले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रत्नखचित काही नाही. काळी-तांबडी खापरे आहेत, सातवाहनकालीन वस्तीचे थर आहेत. कवीने जे रचले आणि मातीने जे राखले, त्यांतले अंतर विद्यार्थ्याला टेकाडावर उभे राहिल्यावर जितके कळेल, तितके माझ्या चाळीस मिनिटांच्या तासात कळत नाही, हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

आणि खरी शरमेची गोष्ट वेगळीच आहे. गावोगाव फिरून स्थळांची नोंद करण्याची विद्या आपल्याला व्हाइटकडून शिकण्याची गरजच नव्हती. महानुभावांची 'स्थानपोथी' चौदाव्या शतकातली आहे, म्हणजे व्हाइटच्या चार शतके आधीची. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले त्या स्थळांची ही नोंद. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, शेजारी काय, असा तिचा रोखठोक गद्य बाणा आहे. श्रद्धेपोटी लिहिलेली असूनही ती भाबडी नाही, मोजून-मापून बोलते. पण आम्ही तिला 'महानुभाव वाङ्मय' या कप्प्यात बंद केले आणि 'प्रवासवर्णन' या प्रकरणाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात मांडला. 'अपूर्वाई' (१९६०) पर्यंत येता येता प्रवास म्हणजे दूर जाणे, शक्यतो समुद्रापलीकडे जाणे, हे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात पक्के होते. दोष पु.लं.चा नाही. दोष आमच्या टिपणांचा आहे.

बरे, समुद्रापलीकडे जाऊन तरी आम्ही काय पाहतो? माझ्या मित्राने दाखवलेल्या गावांच्या टापूतच वाँटेज आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई तिथल्या मठात जाऊन राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि 'इंग्लंडचा प्रवास' हे मराठीतले पत्ररूप लेखनही त्याच वर्षीचे. मराठी माणसाने दक्षिण इंग्लंडात वाट वाकडी करून जावे असे गाव कोणते, तर ते हे. व्याख्यानात त्याचे नावही नव्हते. मित्राला विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, 'त्या संकेतस्थळाच्या यादीत नव्हते.'

याद्यांचा हा रोग आता आपल्याकडेही आहे. 'विदर्भातील दहा अपरिचित स्थळे' छापाचा मजकूर हल्ली ढिगाने मिळतो. त्यात चिखलदरा 'विदर्भाचे महाबळेश्वर' असते. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे 'विदर्भाचे स्टोनहेंज' व्हायला वेळ लागणार नाही. वास्तविक ती लोहयुगातली दफने आहेत. स्टोनहेंज-एव्हबरीशी त्यांचा ना काळ जुळतो, ना प्रयोजन. उसने नाव दिले की पाहण्याचे श्रम वाचतात, एवढाच त्याचा उपयोग. (आणि 'अपरिचित' कोणाला? चिखलदऱ्याच्या कोरकूंना?)

दोन वर्षांपूर्वी मी पदवीच्या मुलांसाठी एक प्रकल्प सुचवला होता : प्रत्येकाने आपापल्या गावाची स्थानपोथी लिहावी. पार, विहीर, देऊळ, दर्गा, बुजलेली बारव. दिशा, अंतर, दार कोणीकडे, नाव कसे पडले. कागदपत्र वर गेले आणि शेरा मारून परत आले : 'विषय भूगोलाचा वाटतो.' ऋद्धिपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला, आणि त्यासाठी लीळाचरित्राच्या काळाचे दाखले आम्ही हिरिरीने दिले. ज्या पोथ्या पुरावा म्हणून चालतात, त्या पद्धत म्हणून का चालू नयेत, याचे उत्तर त्या शेऱ्यात नव्हते.

शेरा बाजूला ठेवून मी सोळा मुले घेऊन कौंडिण्यपूरला गेलो. टेकाडावर चढताना तिथल्याच एका मुलीने मला थांबवले. 'सर, हे त आमची पांढरी हाय. इथं काय पाहाचं?' गावठाणाच्या मातीला पांढरी म्हणतात आणि शेताच्या मातीला काळी, हे शब्द मी तिला शिकवणार होतो. ते तिच्याकडे आधीच होते. तिने वाकून एक खापर उचलले, पुसले आणि विचारले, हे वहीत कसे लिहायचे. मी म्हटले, आधी देवळाच्या कोणत्या दिशेला सापडले ते लिही. तिने सूर्याकडे पाहिले, मग नदीकडे, आणि लिहायला बसली.