मुलाखतीला जाणाऱ्या मुलाचा सदरा

निवासी शाळेच्या प्रवेश-मुलाखतीला मुलाने कोणते कपडे घालावेत, हा विषय साहित्यचर्चेच्या पानावर यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मराठीच्या प्राध्यापकांना हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. गावाकडचा चुलतभाऊ, एखादा जुना विद्यार्थी, महाविद्यालयातला शिपाई, यांपैकी कुणाचा तरी मुलगा लेखी परीक्षा पार करून मुलाखतीपर्यंत पोचलेला असतो. पालक शाळेचे पत्र घेऊन आमच्याकडे येतो. इंग्रजी मजकूर त्याने कसाबसा लावलेला असतो. अडलेले असते ते एकाच शब्दाशी. मुलाने ‘फॉर्मल’ पोशाखात यावे असे पत्रात म्हटलेले असते. ‘फॉर्मल म्हणजे नेमके काय, सर?’ हा त्याचा प्रश्न. शब्दांचे अर्थ सांगणे हा आमचा पेशाच असल्याने या प्रश्नाला बगल देणे आम्हांला शक्य नाही.

शब्दकोशात ‘औपचारिक’ असा प्रतिशब्द मिळतो, पण त्याने पालकाचे काम भागत नाही. या शब्दात कापड नाही, रंग नाही, बाही अर्धी की पूर्ण याचा निर्देश नाही. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांना सांगण्याची गरज पडत नाही आणि ज्यांना सांगण्याची गरज आहे त्यांना त्यातून काही कळत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले ते हेच. ते पैशाप्रमाणे मोजता येत नाही, वारशाने मात्र मिळते. आणि ज्याला मिळाले त्याला ते वारशाने मिळाले आहे याची जाणीवही नसते. मुलाची परीक्षा मुलाखतीच्या खोलीत सुरू होते असे आपण समजतो. वास्तविक ती पत्रातल्या या एका शब्दापाशीच सुरू झालेली असते, आणि तो पेपर मुलाच्या आईबापांना सोडवायचा असतो.

‘बोर्डिंग’ हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. एक वाट संस्थानिकांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळांची. राजकोटचे राजकुमार कॉलेज १८७० मध्ये सुरू झाले, अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ मध्ये. मेयोचे पहिले विद्यार्थी, अलवरचे महाराज मंगलसिंह, मोठ्या लवाजम्यासह दाखल झाले होते. या शाळांपुढे आदर्श होता तो इंग्लंडमधल्या ईटनसारख्या शाळांचा, जिथे मुले आजही काळा शेपटीचा कोट घालून वर्गात बसतात. तिथे पोशाख हा शिक्षणाचाच भाग मानला गेला.

दुसरी वाट आपल्या घरातली. राजर्षी शाहूंच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उघडली आणि लोकांनी त्यांना ‘बोर्डिंग’ म्हटले. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मुसलमान बोर्डिंग आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मधले मिस क्लार्क वसतिगृह. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. ज्याच्यापाशी काही नाही त्याला आत घ्यावे, हाच या बोर्डिंगांचा हेतू होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले कितीतरी शिक्षक, वकील आणि मामलेदार या दुसऱ्या वाटेने आले. आज ‘फॉर्मल’ शब्दापाशी अडणारा पालक ‘बोर्डिंग’ म्हणताना मनात हीच दुसरी वाट धरून असतो. त्याला आलेले पत्र मात्र पहिल्या वाटेवरचे असते. त्याचा गोंधळ होतो तो इथे.

आता मुलाखतीचे प्रत्यक्ष वजन पाहू. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात आठवीच्या वर्गासाठी साधारण साडेअकरा ते तेरा वर्षांची मुले घेतात. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. लेखी परीक्षा ४०० गुणांची आणि तोंडी परीक्षा ५० गुणांची. तोंडीत निम्मे गुण मिळाल्याशिवाय मूल पात्र ठरत नाही. म्हणजे ही काही मिनिटे लेखीतले यश पुसून टाकू शकतात. खासगी निवासी शाळांतून तर अनेकदा मुलाबरोबर आईवडिलांशीही बोलणे होते. उलट, १९६१ मध्ये साताऱ्यापासून सुरू झालेल्या सैनिक शाळांच्या प्रवेशात पूर्वी मुलाखत असे, आता लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणीवर निवड होते. नवोदय विद्यालयांचा प्रयोग १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावतीत सुरू झाला. तिथेही सहावीचा प्रवेश लेखी चाचणीवर होतो आणि गणवेश शाळाच देते. म्हणजे मुलाला न पाहता निवडणे अशक्य नाही. तरीही मुलाखत घ्यायचीच असेल, तर डोळ्यांना प्रथम दिसते त्याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही.

मुलींच्या पोशाखाविषयी आपला समाज गरजेपेक्षा फार बोलतो. मुलग्यांविषयी मात्र ‘शर्ट-पँट घालायची, त्यात विचार तो कसला?’ असे म्हणून मोकळा होतो. हा न केलेला विचार घरोघरी कोणत्या रूपाने उगवतो ते आम्ही पाहत आलो आहोत. ब्लेझर शिवला जातो तो दोन मापे मोठा, कारण तो पुढची तीन वर्षे पुरला पाहिजे. नाहीतर स्नेहसंमेलनासाठी पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानातून तो आणला जातो. गळ्यात इलॅस्टिकचा तयार टाय. पायांत आदल्या संध्याकाळी घेतलेले बूट, टाचेला चावणारे. मराठवाड्यातल्या उन्हात एसटीने आठ तास प्रवास करून आलेले हे बारा वर्षांचे पोर खुर्चीच्या कडेवर बसते आणि बाहीतून हात बाहेर काढण्याच्या खटपटीत त्याचे प्रश्नाकडे लक्ष राहत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण ज्यांनी घडवली त्यांनी भाड्याचा ब्लेझर पाहिला नव्हता, पण त्यांना तो कळला होता. आपल्या भाषेत ‘वेष’ म्हणजे पोशाख आणि ‘वेषांतर’ म्हणजे ओळख लपवणे. मुलाला पोशाख द्यायचा की वेषांतर करवायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप आम्हांला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. ‘देश तसा वेश’ असे आपणच म्हणतो. शिवाय चांगला पोशाख ही ज्यांना शतकानुशतके नाकारलेली गोष्ट होती, त्यांनी तो घालणे हे स्वाभिमानाचे कृत्य नव्हे काय? डॉ. आंबेडकरांचा सूट हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जातीची खूण सांगणारी पद्धत टाकून देण्यास सांगितले होते. मग गरिबाच्या मुलाने ब्लेझर का घालू नये?

आमचे उत्तर असे. आंबेडकरांचा सूट आणि १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानसमारंभाला जोतीराव फुले ज्या शेतकऱ्याच्या वेषात गेले तो वेष, या वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या गोष्टींचे मूळ एकच आहे. दोघांनीही आपला पोशाख स्वतः निवडला होता आणि त्यातून आपल्याला काय म्हणायचे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. बारा वर्षांच्या मुलाने भाड्याचा ब्लेझर निवडलेला नसतो. तो त्याच्यावर चढवलेला असतो, आणि तो चढवताना घरातले न बोलता त्याला एक गोष्ट सांगत असतात, की आपल्या घरचे कपडे दाखवण्याजोगे नाहीत. प्रवेश मिळाला तर हा धडा तो सोबत घेऊन जातो. नाही मिळाला तर ब्लेझर कमी पडला असे त्याला वाटते, आणि त्याहून वाईट म्हणजे घर कमी पडले असे वाटते.

नव्या कपड्यांची मजल कुठवर जाते हेही आंबेडकरांनीच लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात १९०१ मधल्या एका प्रवासाची हकिकत येते. वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांच्या अंगावर विलायती धाटणीचे नवे शर्ट, झगमगीत टोप्या, रेशमी काठांची धोतरे आणि पायांत नवे बूट होते. मसूर स्टेशनवर न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने कपड्यांवरून ही ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो दूर झाला. कपड्यांनी पहिल्या काही मिनिटांची सहानुभूती मिळवून दिली. पुढच्या प्रश्नाला ती टिकली नाही. मुलाखतीतही नाव, गाव आणि वडील काय करतात हे विचारले जातेच, आणि ते अर्जात आधीच लिहिलेले असते. ज्याला नाव-गाव ऐकून तोंड फिरवायचे आहे त्याला ब्लेझर अडवणार नाही. ज्याला मूल पाहायचे आहे त्याला ब्लेझरमुळे ते नीट दिसणार नाही.

तेव्हा मुलाने घालावे काय? आमचे मत स्पष्ट आहे. त्याने आपल्या सध्याच्या शाळेचा गणवेश घालावा, मग ती शाळा जिल्हा परिषदेची असो वा अन्य कुठली. गणवेश धुतलेला, इस्त्री केलेला, गुंड्या जागच्या जागी असलेला असावा. गणवेश विरला असेल तर फिक्या रंगाचा शर्ट आणि गडद पँट, पण आधी चार-सहा वेळा घालून धुतलेली, अंगाच्या सवयीची. बूट असतील तर रोजचे, पॉलिश केलेले, ज्यांची नाडी त्याची त्याला बांधता येते. नसतील तर स्वच्छ चप्पल चालावी. थंडीच्या गावी जायचे असेल तर घरचा स्वेटर. डोक्यावर पटका, हातात कडे, कपाळाला गंध, जे रोजचे असेल ते राहू द्यावे. जे रोजचे नाही ते त्या दिवसापुरते आणू नये. नखे कापलेली, केस विंचरलेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे सगळे त्याने स्वतः घातलेले असावे. वसतिगृहात उद्या त्याला सकाळी कुणी कपडे घालणार नाही.

ज्या कपड्यांचा खोलीत शिरताना विसर पडतो ते मुलाखतीचे कपडे. त्याने गुण वाढतील असे आश्वासन आम्ही देत नाही. मूल आपल्याविषयी बोलू शकेल, एवढेच म्हणतो. शेतातल्या मोटारीविषयी विचारले तर मोटारीविषयी सांगणे गणवेशातल्या मुलाला जड जात नाही. भाड्याच्या ब्लेझरमधून मात्र शेताचे नाव काढणे अवघड होऊन बसते, कारण तो ब्लेझर ते शेत झाकण्यासाठीच आणलेला असतो.

परंतु सगळा भार पालकांवर टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. मुलाखत घेणाऱ्या शाळांनी पत्रात ‘फॉर्मल’ हा शब्द लिहू नये. ‘मुलाने आपल्या शाळेच्या स्वच्छ गणवेशात यावे, नवे कपडे घेऊ नयेत’ असे एक वाक्य, पालकाला वाचता येईल त्या भाषेत लिहावे. याला खर्च नाही आणि ठरावाची गरज नाही. अशा निवड मंडळांवर भाषेचे शिक्षक पुष्कळदा बसतात. हे पान वाचणाऱ्यांपैकीही काहींना ती संधी येईल. त्यांनी हे वाक्य सुचवावे.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना तिथल्या छात्रालयाचेही काम पाहत. त्यांच्या ‘श्यामची आई’मध्ये श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवतो, ही कथा आपण सर्वांनी शिकली आणि शिकवली आहे. तो कोट कुणाला दाखवण्यासाठी नव्हता, भावाच्या अंगावर असावा म्हणून होता. मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या अंगावर जे काही असेल ते त्या जातीचे असावे, इतकीच आमची अपेक्षा आहे. त्याच्या मापाचे, घरच्या हातांनी धुतलेले, आणि परत आल्यावर दुकानात न्यावे न लागणारे.