न दिलेल्या कर्जाचा हिशेब

शिक्षा भोगून झाली, सुटकेची तारीख उलटली, तरी तुरुंगाचे दार उघडत नाही. कारण मागे केलेला गुन्हा नव्हे, तर पुढे घडेल अशी भीती असलेला गुन्हा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २००३ साली असा कायदा केला. गंभीर लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला कैदी सुटल्यावर समाजाला धोका ठरेल, असे मानसोपचारतज्ज्ञांच्या अहवालांवरून न्यायालयाला पटले, तर शिक्षा संपल्यावरही त्याला डांबून ठेवता येते. किंवा अटी घालून देखरेखीखाली बाहेर सोडता येते. दोन्ही वाटा कायद्यातच आहेत.

१९८९ साली १४ वर्षांची शिक्षा झालेल्या एका कैद्याची मुदत नेमकी त्याच वर्षी संपत होती. त्याने कायद्याला आव्हान दिले. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाने, सहा विरुद्ध एक मताने कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती मायकेल कर्बी तेवढे वेगळे पडले. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने मात्र सांगितले की, शिक्षेनंतर पुन्हा तुरुंगातच ठेवणे ही नवी शिक्षाच होय. याहून सौम्य उपायाने काम भागले नसते, हे सरकारने दाखवायला हवे होते.

कायद्यामागची भीती खोटी नाही. जिच्यावर अत्याचार झाला, तिला तो माणूस सुटणार या बातमीने झोप लागत नसेल, तर तिच्यापुढे मानवाधिकारांची कलमे वाचणे हा निर्दयपणा आहे. सरकार तिचेही देणे लागते.

मग मन अडते कुठे? माझी उमेद बँकेत गेली. कर्जाचा अर्ज मंजूर करणे म्हणजे समोरचा माणूस पुढे कसा वागेल, याचा अंदाज बांधणे. मंजूर केलेले कर्ज बुडाले की सगळ्यांना दिसते. तपासणीत सही कोणाची ते निघते, खुलासे द्यावे लागतात. पण भल्या माणसाला नाकारलेले कर्ज कोणत्याच खातेवहीत येत नाही. त्याने ते फेडले असते, हे सिद्ध कसे व्हावे? म्हणून नाही म्हणणारा अधिकारी कागदोपत्री कधीच चुकत नाही.

डांबून ठेवण्याचेही तसेच आहे. सोडलेल्याने पुन्हा गुन्हा केला, तर पहिल्या पानावर मथळा येतो आणि न्यायाधीश, डॉक्टर, मंत्री सगळ्यांना जाब विचारला जातो. जो बाहेर सरळ वागला असता, त्याला ते दाखवून देण्याची संधीच नसते. आत होता म्हणून गुन्हा झाला नाही, आणि गुन्हा झाला नाही म्हणून आत ठेवले ते बरोबर! या हिशेबात पारडे नेहमी एकाच बाजूला झुकणार.

भाकितावर माणूस कोंडण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. १८७१च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरची सेटलमेंट ही त्याचीच खूण. कायदा १९५२ साली गेला, पण संशय गेला नाही. क्वीन्सलँडमध्ये जात नव्हे, माणूस तपासतात, हा फरक मोठा आहे. तरीही एकदा लागलेला शिक्का पुसणे किती कठीण, हे आपण जाणतो.

कॅनडातील हॅमिल्टन येथे १९९४ मध्ये शिक्षा पुरी करून सुटलेल्या अशाच एका माणसाभोवती एक मेनोनाइट धर्मोपदेशक आणि काही नागरिक उभे राहिले. त्याला आधार द्यायचा आणि त्याच्या वागण्याचा जाबही विचारायचा, अशी ती रीत. पुढे ती ब्रिटनमध्येही गेली. देखरेख म्हणजे पायात पट्टा आणि चौकीवर हजेरी एवढेच नव्हे, हे त्यातून कळते.

अशी देखरेख स्वस्त नाही. माणसे कमी आणि फायली जास्त असल्या, तर तिची नुसती हजेरीवही होते, आणि तो धोका शेजारच्या घरांनी सोसायचा असतो. म्हणून तिच्यावर खर्च करायला हवा. देखरेख का पुरणार नाही हे सरकारने दरवर्षी नव्याने सिद्ध करावे, तेव्हाच माणसाला आत ठेवावे. आणि तेही शिक्षेच्या तुरुंगात नव्हे, उपचार होतील अशा जागी. सोडलेल्यांपैकी किती जण सरळ राहिले, तेही जाहीर करावे. खातेवहीची ती बाजू कोरी आहे तोवर कोणाला आत ठेवणे गरजेचे होते आणि कोणाला नाही, हे कळायला मार्ग नाही.