उघडिपीची वाट पाहू नका



दिवाळी आटोपली की इंदूरहून मला एका ठरावीक तऱ्हेचे फोन येऊ लागतात. कुणाचा मुलगा लंडनला असतो, कुणाची मुलगी डब्लिनला, कुणाची सून मँचेस्टरला बाळंत होणार असते. "आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी निघालोय गं. स्वेटर, थर्मल, कानटोप्या, सगळं घेतलंय. पण तिकडे म्हणे थंडीतच पाऊस पडतो. मग दिवसभर करायचं तरी काय?"

लग्न होऊन मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला आले, त्याला आता बारा वर्षं होतील. दरवेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा या महिन्याचं पान त्या प्रश्नालाच द्यावं म्हटलं. निघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. आणि ज्यांची मुलं नुकतीच शिकायला किंवा नोकरीला इकडे आली आहेत, त्यांनाही कळेल की थंडीत पोरगा फोनवर इतकं कमी का बोलतो.

आधी पावसाचा हिशोब सांगते. ग्लासगोत वर्षभरात साधारण ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या इंदूरपेक्षा थोडा जास्त आणि मुंबईच्या जवळपास निम्मा. आकडा ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? पण आपला पाऊस चार महिन्यांत काम उरकून निघून जातो. इथला पाऊस वर्षातल्या सुमारे १७० दिवसांवर वाटलेला असतो. तो कोसळत नाही. गडगडाट नाही, मातीचा वास नाही. नुसती रिपरिप, वारा आणि राखाडी आभाळ. अशा दिवसासाठी स्कॉटिश लोकांकडे खास शब्द आहे, ‘ड्रीख’. आपल्याकडे झड लागते ना, तसंच काहीसं, फक्त हाडं गारठवणारं.

त्यात उजेडाची टंचाई. डिसेंबरच्या शेवटी सकाळी पावणेनऊला सूर्य उगवतो आणि दुपारी पावणेचारला मावळतो. सात तासांचा दिवस! इंदूरचा वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा साडेदहा तासांहून मोठा असतो.

आता मुद्द्याचं. आपण पावसाळा पाहिलेली माणसं. पाऊस आला की आडोशाला थांबायचं आणि सर ओसरली की निघायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. आपल्याकडे ते शहाणपणाचंच आहे, कारण उघडीप मिळतेच. तासाभरानं मिळेल, संध्याकाळी मिळेल, फार तर दोन दिवसांनी मिळेल. इथे मात्र "उघडलं की निघू" म्हणणारा माणूस घरातच राहतो. उघडीप मिळते तेव्हा बाहेर अंधार झालेला असतो.

हे मी माझ्या बाबांच्या बाबतीत जवळून पाहिलं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात ते आमच्याकडे आले. वय ७४. इंदुरात त्यांचा दिवस अगदी बांधलेला. सकाळी नेहरू पार्कला फेऱ्या, येताना पोहे, दुपारी पेपर, संध्याकाळी मित्रांचा कट्टा. इथले पहिले आठ दिवस दोन वर्षांच्या नातीच्या कौतुकात गेले. मग पाऊस लागला. बाबा सकाळी अंघोळ, पूजा उरकून, इस्त्रीचा शर्ट-पँट घालून खिडकीशी बसायचे. "उघडलं की एक चक्कर मारून येतो." संध्याकाळी मी ऑफिसातून परतायची तेव्हाही ते तिथेच असायचे, त्याच इस्त्रीच्या कपड्यांत.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी इस्त्रीचे कपडे घालणं सोडलं. दुपारी झोपायचे आणि रात्री जागायचे. एकदा जेवताना त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "तिकीट अलीकडचं करून मिळेल का हो?" आणि मग ताटाकडे बघत म्हणाले, "तिकडे निदान तिची खोली तरी आहे." आई गेल्यापासून तिच्याबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले होते.

त्यांना कुणी समजावलं नाही. माझ्या नवऱ्यानं शनिवारी त्यांना दुकानात नेऊन चांगलं जाकीट आणि बूट घेऊन दिले, आणि रविवारी सांगितलं, "बाबा, उद्यापासून अकराला निघायचं. पाऊस असो, नसो. अर्ध्या तासात परत." पहिला आठवडा त्यानं घरून काम घेतलं आणि रोज तो सोबत गेला. पुढच्या सोमवारी बाबा एकटे गेले.

यामागे साधं कारण आहे. बाहेर कितीही ढगाळ असलं तरी तो उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. झोप-जागेचं आपलं घड्याळ त्या उजेडावर चालतं. थंडीत उजेड कमी पडून येणाऱ्या उदासीचं डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८४ साली ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ या नावानं वर्णन केलं. प्रत्येकाला तो आजार होतो असं नाही. पण उजेडाची तूट सगळ्यांनाच जाणवते. शिवाय इथल्या थंडीतल्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे की शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅमच्या गोळीचा विचार करावा, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर. आधीची औषधं चालू असतील तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

कपड्यांबद्दल दोन शब्द. छत्री आणू नका. इथला वारा ती पहिल्याच कोपऱ्यावर उलटी करतो. टोपी असलेलं, पाणी न शिरणारं जाकीट हवं, आणि ते शक्यतो इथेच घ्यावं. आत एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण दुकानं आणि बस चांगल्या उबदार असतात, तिथे एखादा थर काढता येतो. आणि पैसे वाचवायचेच असतील तर बुटांत वाचवू नका. ओल्या मोज्यांनी अर्धा तास चालून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर पडत नाही.

गंमत म्हणजे, अख्ख्या जगाला रेनकोट दिला तो याच गावच्या माणसानं. चार्ल्स मॅकिंटॉश हा १७६६ साली ग्लासगोत जन्मलेला रसायनतज्ज्ञ. कोळशापासून गॅस बनवताना जे डांबर उरतं, त्यातून मिळणाऱ्या नॅफ्थामध्ये त्यानं रबर विरघळवलं आणि ते कापडाच्या दोन थरांमध्ये भरलं. १८२३ साली त्याचं पेटंट घेतलं. इंग्रजीत रेनकोटला आजही ‘मॅक’ म्हणतात ते त्याच्यावरूनच. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एवढ्या पावसात दुसरं काय सुचणार!"

बाहेर पडून जायचं कुठे? पहिलं ठिकाण म्हणजे जवळचं सार्वजनिक वाचनालय. तिथे ऊब असते, वर्तमानपत्रं असतात, बसायला खुर्ची असते आणि "काय हवंय?" म्हणून कुणी मागे लागत नाही. स्कॉटलंडच्या वाचनालयांत लहान मुलांसाठी ‘बुकबग’ नावाचा मोफत कार्यक्रम असतो. पोरं मांडीवर घेऊन गोल बसायचं, गाणी म्हणायची, टाळ्या वाजवायच्या. बाबा नातीला घेऊन जायचे. गाण्यातला एक शब्द त्यांना कळत नसे, पण टाळ्या ताला-सुरात. बँकेत तीस वर्षं इंग्रजी लिहिलेल्या माणसाला ग्लासगोचं इंग्रजी मात्र समजेना. मग त्यांनी एकच शब्द पाठ केला. बसथांब्यावर कुणी दिसलं की आभाळाकडे बघून म्हणायचे, "ड्रीख!" समोरचा खुलायचा आणि पुढची दहा मिनिटं बोलत राहायचा. बाबा मान डोलवायचे.

दुसरं ठिकाण संग्रहालय. ग्लासगोचं केल्विनग्रोव्ह संग्रहालय १९०१ साली उघडलं आणि तिथे तिकीट नाही. छताला खरंखुरं स्पिटफायर विमान टांगलेलं आहे. दुपारी एकच्या सुमारास मोठ्या दालनातला ऑर्गन वाजवतात, तो ऐकायला शहरातले म्हातारेकोतारे नेमानं येतात. बाबांचा जीव जडला तो तिथल्या पेंढा भरलेल्या हत्तीवर. त्याचं नाव सर रॉजर. हा आपल्या आशियाई जातीचा हत्ती. खेळ करत गावोगाव फिरला, मग ग्लासगोच्या प्राणिसंग्रहालयात आला. तिथे मस्तीत आल्यावर आवरेना, म्हणून १९०० साली त्याला गोळी घातली. बाबा दर बुधवारी त्याच्यासमोरच्या बाकावर थोडा वेळ बसून यायचे. "तोही आपल्यासारखाच, लांबून आलेला," असं नातीला सांगायचे. तुम्ही दुसऱ्या गावी असाल तरी चौकशी करा. लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि डब्लिनचं नॅशनल म्युझियमही पाहायला मोफत आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे इथली छोटी भुयारी रेल्वे. १८९६ साली सुरू झालेली, जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. पंधरा स्टेशनं आणि नुसता एक गोल. चढलात त्याच स्टेशनावर पंचवीसेक मिनिटांत परत येता, त्यामुळे चुकायची भीती नाही. इंदूरलाही आता मेट्रो धावू लागली आहे, तेव्हा ही गाडी बघून आपली मंडळी हसतील. डबे अगदी बुटके आहेत.

आणि परतताना एखाद्या साध्या कॅफेत लेंटिल सूप मागा. स्कॉटलंडमध्ये ते जवळपास सगळीकडे मिळतं. मसुराची डाळ, गाजर, कांदा. शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं, कारण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात. बाबांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "फोडणी विसरले हे लोक." पण वाटी संपवली.

घरातल्या वेळेचंही सांगायला हवं. फोडणी घालण्याआधी खिडकी उघडा आणि पंखा लावा. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून घरातले धुराचे आणि उष्णतेचे अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात. एक वाजला की सगळे वाजतात आणि शेजारी दार ठोठावतात. कपडे घरात वाळत घातलेत तरी खिडकी थोडी किलकिली ठेवा, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. खाण्याचं म्हणाल तर सराफ्यातला गराडू इथे मिळणार नाही. पण फ्रोझन मक्याचा कीस छान होतो. हा मका गोड असतो, म्हणून मिरची दुप्पट आणि वरून लिंबू. जीरावणाची पुडी मात्र बॅगेतून घेऊन या.

सगळ्यात अवघड वेळ कोणती, तर दुपारी चारनंतरची. थंडीत इंदूर आपल्या साडेपाच तास पुढे असतं. इथे चारला अंधार पडतो तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले. बोलावंसं वाटतं तेव्हाच तिकडचं जग झोपायला निघतं. म्हणून फोन सकाळी करा. इथल्या दहाला तिकडे साडेतीन झालेले असतात, वामकुक्षी आटोपून सगळे चहाच्या वाटेवर असतात. चारनंतरच्या वेळेला मात्र काहीतरी नेमाचं काम लावून घ्या. बाबांनी दिवेलागण लावून घेतली. डिसेंबरात ती पावणेचारला! नातीला मांडीवर घेऊन शुभंकरोती, मग तिचं दूध, मग एक पाढा, मग एक गोष्ट. त्या गोष्टींत हळूहळू आजी येऊ लागली. आजी शाळेत सायकलवर कशी जायची, आजीनं राजवाड्यासमोर पोहेवाल्याशी कसं भांडण केलं. ती गोष्ट मी दाराआडून ऐकली. त्याआधी मला ती माहीत नव्हती.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. मार्चच्या शेवटी, ठरल्या तारखेलाच बाबा परत गेले.

तर मंडळी, निघणाऱ्यांनी बॅगेत एक नियम टाकून आणा, की रोज उजेड असताना एकदा बाहेर. आणि इंदुरातून फोन करणाऱ्यांना एक विनंती. "तिकडे पाऊस थांबला का?" असं विचारू नका, तो थांबलेला नसतो. त्याऐवजी "आज कुठे जाऊन आलास?" असं विचारा. उत्तर "कुठेच नाही" असं आलं, आणि सलग तीन-चार दिवस तेच येत राहिलं, तर जरा जास्त वेळ बोला.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर कुणी इकडे येणार असेल तर मला कळवा, जीरावणाची एक पुडी माझ्यासाठीही आणायला सांगायची आहे.