अनुमान बरोबर होतें

वाचकहो, गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक अनुमान अगदीं बिनचूक ठरलें, आणि त्याचा परिणाम असा झाला कीं, आमचे एक जुने स्नेही अर्धा चहा तसाच टाकून निघून गेले. ती हकीकत सांगण्यापूर्वीं थोडी प्रस्तावना केली पाहिजे.

घरांतील मुलांस सध्यां 'शेरलॉक' या इंग्रजी चित्रमालिकेचें वेड लागलें आहे. सर आर्थर कॉनन डॉइल यांनीं १८८७ सालीं शेरलॉक होम्स यास प्रथम वाचकांपुढें आणिलें, व पुढील चाळीस वर्षांत त्याच्यावर चार कादंबऱ्या आणि छप्पन गोष्टी लिहिल्या. स्टीव्हन मॉफट व मार्क गॅटिस या दोघां लेखकांनीं त्याच होम्सला राणी व्हिक्टोरियाच्या लंडनांतून उचलून आजच्या लंडनांत आणून बसविलें. बी. बी. सी.नें २०१० ते २०१७ या काळांत मालिकेचे एकंदर तेरा भाग दाखविले. प्रत्येक भाग सुमारें दीड तासाचा. तारेच्या जागीं भ्रमणध्वनीवरील संदेश आले. चिलमीच्या जागीं दंडावर निकोटीनच्या पट्ट्या आल्या. डॉक्टर वॉटसन अफगाणिस्तानच्या युद्धांत जखमी होऊन परत येतो, एवढें मात्र बदलावें लागलें नाहीं. इतिहासानेंच ती सोय करून ठेविली होती.

आम्हांस आधीं शंका होती. जुन्या वाड्याच्या खिडक्या बदलावयास निघालेला गवंडी बहुधा तुळईलाच हात घालतो, असा आमचा अनुभव. म्हणून तेरा वर्षांच्या नातवाशेजारीं बसून आम्हीं पहिला भाग पाहिला. १८९० सालच्या 'द साइन ऑफ फोर' या कादंबरींत वॉटसन आपल्याजवळचें एक घड्याळ परीक्षेसाठीं होम्सच्या हातीं देतो. चावीच्या छिद्राभोंवतालचे ओरखडे पाहून होम्स ताडतो कीं, याचा पूर्वीचा मालक, म्हणजे वॉटसनचा वडील भाऊ, दारूच्या आहारीं गेलेला होता. रात्रीं चावी देतांना त्याचा हात कांपत असे. मालिकेंत घड्याळाच्या जागीं भ्रमणध्वनि आला, आणि चावीच्या छिद्राच्या जागीं विजेची तार जोडण्याचें छिद्र. ओरखडे तेच, कांपणारा हात तोच. मात्र त्यावर 'हॅरी' असें नांव कोरलेलें पाहून शेरलॉक 'भाऊ' म्हणतो आणि फसतो. ती हॅरिएट नांवाची बहीण निघते.

येथें आम्हांस विद्यार्थिदशेंतील तर्कसंग्रहाचा पाठ आठवला. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें, कारण अग्नीवांचून धूर नसतो. परंतु जो हेतु साध्य नसलेल्या ठिकाणींहि सांपडतो, तो सव्यभिचार, म्हणजे हेत्वाभास. हॅरी हें नांव पुरुषाचें असतें तसें स्त्रीचेंहि असूं शकतें. नातवास हें सांगतांच त्यास फार गंमत वाटली, आणि त्या दिवसापासून घरांत हेतु व हेत्वाभास यांचा सुळसुळाट झाला. कोणाच्या बाहीस पीठ लागलें आहे, कोणाच्या चपलेस चिखल आहे, सर्वांची झडती होऊं लागली. खोटें कशास सांगावें, आम्हांस कौतुकच वाटत होतें.

अशांत एका सकाळीं आमचे एक शाळासोबती पुष्कळ दिवसांनीं आले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मध्येंच ते थांबत, आपल्या पायांकडे पाहत, आणि पुन्हां पावसापाण्याचा विषय काढीत. मांडीवर कापडी पिशवी होती. तींतून रुग्णालयाच्या कागदांची कड दिसत होती. चपलेचा अंगठा दोनदां शिवलेला होता. हें सर्व आम्हींहि पाहिलें होतें, आणि ते बोलतील म्हणून वाट पाहत होतों. इतक्यांत कोपऱ्यांत बसलेला नातू उजळ चेहऱ्यानें म्हणाला, "आजोबा, मी सांगूं? हे तुमच्याकडे पैसे मागायला आले आहेत!" आणि बोटांवर मोजून कारणेंहि सांगूं लागला.

स्नेही हंसले. "हुशार आहे हो नातू तुमचा," असें म्हणून त्यांनीं पिशवी उचलली, आणि कांहीं न मागतां जिना उतरून गेले.

रात्रीं नातू रडवेला होऊन जवळ आला. "पण आजोबा, माझें अनुमान चुकलें का?"

"नाहीं बाळ, बरोबर होतें."

याउपर काय सांगावें, हें आम्हांस सुचेना. आमचें आयुष्य मुलांच्या वह्यांवर 'बरोबर' आणि 'चूक' अशा खुणा करण्यांत गेलें. बरोबर उत्तराबद्दल कान धरावा, असा प्रसंग क्वचितच आला होता. शेवटीं आम्हीं त्यासच विचारलें कीं, तुझा शेरलॉक कधीं असा वागतो काय?

त्यानें २०१२ सालच्या १ जानेवारीस प्रथम दाखविलेला 'अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया' हा भाग लावला. नाताळनिमित्त मंडळी जमली आहेत. रुग्णालयाच्या शवागारांत काम करणारी मॉली हूपर तेथें येते. (हें पात्र डॉइलच्या गोष्टींत नाहीं.) तिच्याजवळची एक भेट इतर भेटींपेक्षां नीट गुंडाळलेली, आणि तिच्या कागदाचा रंग मॉलीच्या ओठांच्या रंगाशीं जुळणारा. शेरलॉक भरसभेंत सांगत सुटतो कीं, आज ही कोणा प्रियकरास भेटणार! मग तो भेटीवरची चिठ्ठी वाचतो. तीवर त्याचेंच नांव असतें.

नातू चित्र थांबवूं लागला. आम्हीं म्हटलें, "थोडें पुढें जाऊं दे." पुढें शेरलॉक सर्वांसमक्ष तिची क्षमा मागतो. नातवानें हा भाग तीनदां पाहिला होता. कागदाचा रंग त्यास आठवत होता, क्षमा आठवत नव्हती.

मग आम्हीं कपाटांतून जुनें पुस्तक काढलें. घड्याळाच्या त्याच प्रसंगीं मृत भावाचे वाभाडे ऐकून वॉटसन उठतो आणि व्याकुळ होऊन खोलींत फिरूं लागतो. तेव्हां डॉइलचा होम्सहि क्षमा मागतो. आपण प्रश्नाकडे केवळ प्रश्न म्हणून पाहिलें, तो मित्राच्या जिव्हारीं लागेल हें विसरलों, अशा अर्थाचें तो बोलतो. मालिकेंतला शेरलॉक मूळच्या होम्सहून उद्धट आहे, हा आमचा आक्षेप कायम आहे. परंतु नव्या लेखकांनीं घड्याळ टाकलें, तार टाकली, तरी क्षमा टाकली नाहीं. दुसऱ्या जागीं नेऊन ठेविली. तुळई शाबूत आहे.

अनुमान हें बुद्धीचें अर्धेंच काम. धूर दिसला, अग्नि आहे हें कळलें. पण घर कोणाचें जळत आहे, हें पाहणें राहतेंच. तें आम्हीं नातवास शिकविलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवास बरोबर घेऊन आम्ही त्या स्नेह्यांच्या घरीं गेलों. नातू त्यांच्या पायां पडला. बाकी काय झालें तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. परततांना आम्हीं सहज विचारलें, "तेथें काय काय पाहिलेंस?"

"पुष्कळ पाहिलें, आजोबा," तो म्हणाला, आणि घर येईपर्यंत पुढें कांहीं बोलला नाहीं.